मुलांच्या स्काऊट पथकात लीडर व्हायचंय? बायकांसाठी पहिल्या वर्षाची वाट

पथकातल्या माझ्या पहिल्या संध्याकाळी अकरा वर्षांच्या एका मुलानं मला आधी "सर" म्हटलं, मग जीभ चावून "बाई" म्हटलं आणि शेवटी काय म्हणावं ते न सुचून नुसतं "ओ" म्हणून मोकळा झाला. त्याच्या हातात दोरीचा हा एवढा गुंता होता. मी तो घेतला आणि सोडवून दिला. दोन मिनिटांचं काम. स्काऊटमास्तर मागे उभे होते, तेव्हा काही बोलले नाहीत. मुलं गेल्यावर म्हणाले, "आता दर आठवड्याला तो गुंता तुमच्याकडेच येणार बघा." आणि आला. पुढचे तीन आठवडे, तोच मुलगा, तीच दोरी.

मुलांच्या पथकात स्वयंसेवक म्हणून यायचं ठरवलेल्या बायका मला भेटतात, तेव्हा त्यांना भीती वेगळ्याच गोष्टींची असते. गाठी जमतील का, तंबू ठोकता येईल का, डोंगर चढताना दम लागला तर हसं होईल का. यातलं सगळं दोन-तीन महिन्यांत शिकून होतं. मला वर्षभर लागलं ते दुसऱ्याच गोष्टीला: मुलगा चुकत असताना हात मागे बांधून उभं राहायला. लहानपणापासून आपल्याला नेमकं उलटं शिकवलेलं असतं आणि पथकातले इतर लोकही आपल्याकडून उलटंच अपेक्षित धरतात. खालच्या सगळ्या पायऱ्यांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नका.

"बायकांचं इथं काय काम?" याचं उत्तर आधी खिशात ठेवा

कोणी ना कोणी हे विचारणारच. बहुधा हसत हसत, पण विचारणार. स्काऊट चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर भरवलं, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच या चळवळीचा मोठा भार बायकांच्या खांद्यावर आला होता, हे फारसं कोणी सांगत नाही. पहिल्या महायुद्धात पुरुष लीडर आघाडीवर गेले आणि इंग्लंडमधली कितीतरी पथकं बायकांनी चालवली. लहान मुलांसाठीचा वुल्फ कब विभाग 1916 मध्ये सुरू झाला, त्याच्या उभारणीत व्हेरा बार्कली या बाईंचा हात बेडन-पॉवेल यांच्या बरोबरीनं होता.

मोठ्या मुलांच्या पथकाचं दार मात्र उशिरा उघडलं. अमेरिकेत कॅथरीन पोलार्ड यांनी 1970 च्या दशकात कनेटिकट राज्यातल्या मिलफर्डमध्ये मुलांचं एक पथक चालवलं, कारण चालवायला दुसरं कोणी पुढे येत नव्हतं. काम त्या करत होत्या, पण स्काऊटमास्तर हे पद त्यांना नाकारलं गेलं. प्रकरण कोर्टात गेलं. 1987 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही त्यांच्या विरोधात निकाल दिला. मग 1988 मध्ये तिथल्या संघटनेनं स्वतःच नियम बदलला आणि पोलार्ड तिथल्या पहिल्या महिला स्काऊटमास्तर झाल्या. तेव्हा त्यांचं वय सत्तरीला टेकलेलं होतं.

हा इतिहास वाद घालायला सांगत नाहीये. कोणी टोचून बोललं तर एका वाक्यात उत्तर देऊन पुढच्या कामाला लागता यावं, एवढ्यासाठीच.

काम कोणतं घेणार ते स्वतः ठरवा, नाहीतर दुसरं कोणी ठरवेल

पथकप्रमुखांना पहिल्यांदा भेटाल तेव्हा हमखास एक वाक्य कानावर येईल: "बरं झालं आलात, शिबिरात स्वयंपाकाकडे बघायला कोणीतरी हवंच होतं." बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण त्या क्षणी हसून मान डोलावली की पुढची दोन वर्षं तुम्ही चुलीपाशी. आणि खरं तर तिथं कोणत्याच मोठ्या माणसानं असू नये, कारण मुलांच्या संघाचं, म्हणजे पथकातल्या छोट्या गटाचं, जेवण मुलांनीच करायचं असतं.

म्हणून जाण्याआधीच ठरवून जा. मुलांबरोबर मैदानात काम करायचं असेल तर स्पष्ट सांगा: "मला सहायक लीडर म्हणून शिकायचंय. सुरुवातीला कोणत्या संघाबरोबर राहू?" मैदान नको असेल तर हिशेब, सामानाची कोठी, पालकांशी पत्रव्यवहार ही कामंही पथकाला जगवणारी आहेत आणि त्यांना माणसं कायम कमी पडतात. त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो न विचारता गळ्यात पडलेल्या कामात.

याच भेटीत आणखी काही विचारून घ्या. आठवड्यातून किती वेळ, वर्षातून किती रात्री बाहेर. पथकात मुलं किती आणि नियमित येणारे मोठे किती. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणाकडे आहे. मागचं शिबिर कुठं झालं आणि तिथं काय बिघडलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "काहीच नाही, सगळं झकास" असं उत्तर आलं, तर एक तर शिबिर झालेलंच नाही किंवा बिघडलेलं सांगायची तिथं पद्धत नाही.

कागदपत्रं आणि चौकशी

अर्ज, ओळखीचा पुरावा, तुम्हाला ओळखणाऱ्या दोघांची नावं, पार्श्वभूमीची पडताळणी, बालसुरक्षेचं प्रशिक्षण. देशागणिक तपशील बदलतो, गाभा हाच. "माझ्यावर संशय घेताय का?" असं वाटून घेऊ नका. एखादं पथक काहीही न विचारता पहिल्याच आठवड्यात तुम्हाला मुलांबरोबर शिबिराला पाठवत असेल तर तिथून निघून या. तुमच्या बाबतीत जे विचारलं नाही, ते आणखी कोणाच्या बाबतीतही विचारलं नसणार.

दोन मोठ्यांचा नियम

मुलांबरोबर कधीही एकटं राहायचं नाही. कोणत्याही कार्यक्रमाला किमान दोन जबाबदार मोठी माणसं हवीत. अमेरिकेतल्या संघटनेत तर ती दोघं नोंदणीकृत आणि किमान एकवीस वर्षांची लागतात. एका मुलाशी खासगीत बोलायचं झालं तर बाकीच्यांना ऐकू येणार नाही पण दिसेल अशा जागी बोलायचं. मैदानाच्या कडेला, पायऱ्यांवर, दार उघडं ठेवून. फोनवरच्या निरोपातही हेच: मुलाला एकट्याला संदेश नाही, पालक किंवा दुसरा लीडर त्यात असलाच पाहिजे. घरी सोडायला मुलाला गाडीत एकटं घ्यायचं नाही, पाऊस पडत असला तरी.

बायकांना इथं एक चोरवाट दिसते. "मी बाई आहे, आईसारखी आहे, माझ्यावर कोण शंका घेणार?" पुरुष सहकारीही हेच म्हणतात: "त्या आहेत ना मुलांबरोबर, मग चालेल." नाही चालणार. हा नियम पुरुषांसाठी केलेला नाही, मोठ्यांसाठी केलेला आहे. तुम्ही एकदा सूट घेतलीत की ती सूट पथकाची सवय होते, आणि उद्या ती भलत्याच माणसाच्या कामी येते.

आणि असंही होईल की एखादा मुलगा तुमच्यापाशी काहीतरी जड बोलेल. मुलं बाईशी लवकर मोकळी होतात, हा माझा अनुभव. "कोणाला सांगू नका हं" अशी सुरुवात झाली तर तिथंच सांगा की असं वचन मला देता येत नाही, पण तुला मदत करू शकेल त्याच माणसाला सांगेन. मग ऐका. उलटतपासणी नको, "का" आणि "कसं काय" नको. त्यानं वापरलेले शब्द जसेच्या तसे त्याच दिवशी लिहून काढा आणि पथकात किंवा संघटनेत ज्यांच्याकडे ही जबाबदारी दिलेली आहे त्यांना त्याच दिवशी कळवा. स्वतः शोध घ्यायला जाऊ नका.

पहिला महिना: बघा, नावं पाठ करा, गप्प बसा

पथक संघांत वाटलेलं असतं. संघ म्हणजे सहा ते आठ मुलं आणि त्यांचा एक संघनायक. इंग्रजीतून आलेला "पेट्रोल लीडर" हा शब्द बरीच मुलं वापरतात. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा या मुलाकडे इंधनाचं काम का दिलंय, असा प्रश्न पडला होता. ब्राउनसीवरच्या मुलांचेही चार संघ होते. लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू नावाचा एक लांब चोचीचा पाणपक्षी. हे संघ पाडले होते ते मुलांनी मुलांना चालवावं म्हणून. गर्दी आवरणं हा त्याचा हेतू नव्हता.

नव्या लीडरची पहिली चूक इथंच होते. तुम्ही थेट मुलाला सांगता, "अरे, दोरी तिकडे ठेव." मुलगा ठेवतो. तुम्हाला वाटतं काम झालं. पण चौदा वर्षांच्या संघनायकानं गेली दहा मिनिटं त्याला तेच सांगायचा प्रयत्न चालवला होता. त्याचं ऐकलं गेलं नाही, तुमचं ऐकलं गेलं, आणि सगळ्या संघानं ते पाहिलं. त्याचं नायकपण तुम्ही एका वाक्यात संपवलंत. सांगायचं असेल ते संघनायकाला सांगा, हळू आवाजात, बाजूला घेऊन. त्याच्याकडून चुकीचं सांगितलं गेलं तरी.

महिनाभर वही ठेवा. नावं संघवार लिहा, कोण कोणाच्या शेजारी बसतो, कोणाला खेळात शेवटी निवडतात, कोण सभा संपल्यावर रेंगाळतो. शेवटच्या दोन नोंदी वर्षभर उपयोगी पडतात.

आवाजाबद्दल एक. साठ मुलांच्या कलकलाटावर ओरडायला जाऊ नका. चढवलेला आवाज चिरका होतो आणि मग त्याची नक्कल होते, मी ती स्वतःच्या कानांनी ऐकली आहे, फार हुबेहूब होती. बऱ्याच पथकांत लीडरनं तीन बोटांची स्काऊट खूण वर धरली की पाहणाऱ्यानं तोंड बंद करून खूण वर करायची असा रिवाज असतो. हात वर करा आणि थांबा. पहिल्यांदा तीन मिनिटं लागतील. तो वेळ खूप मोठा वाटतो. तरी तोंड उघडू नका. चौथ्या आठवड्याला दहा सेकंद पुरतात.

हात शिकवा: गाठी, चाकू, नकाशा

सगळं यायला हवं असं नाही, पण चार-पाच गोष्टी डोळे मिटून याव्यात. रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाईन या गाठी. सुरगाठ आणि निरगाठ आपल्याला येतेच, म्हणजे हात अगदीच कोरे नसतात. घरी खुर्चीच्या पाठीला दोरी बांधून रोज दहा मिनिटं सराव करा. कोणती गाठ कशासाठी हेही माहीत हवं. रीफ नॉट सपाट बसते म्हणून पट्टी बांधायला उत्तम, पण भार पेलणाऱ्या दोन दोऱ्या तिनं जोडू नयेत, ती निसटते. वेगवेगळ्या जाडीच्या दोऱ्यांना शीट बेंड.

शिकवताना एक साधी युक्ती, जी मला कोणी सांगितली नव्हती. मुलासमोर उभं राहून गाठ दाखवलीत तर त्याला सगळं उलटं दिसतं, तुमचं उजवं त्याचं डावं. त्याच्या शेजारी या, खांद्याला खांदा, दोघांची तोंडं एकाच दिशेला. तुमच्या हातात तुमची दोरी, त्याच्या हातात त्याची. बोलाईनमध्ये दोरीचं टोक वेटोळ्यातून खालून वर येतं, मुख्य दोरीच्या मागून फिरतं आणि त्याच वेटोळ्यात परत खाली जातं. इथं तो अडकतो, हमखास, आणि टोक पुढूनच फिरवतो. त्याची दोरी हातात घेऊ नका. तुमची सोडा आणि पुन्हा पहिल्यापासून, सावकाश बांधा. तिसऱ्या खेपेला तो तुमच्याकडे बघायचं सोडून स्वतःच्या बोटांकडे बघायला लागतो. तिथून पुढे गप्प.

चाकू हातात घेण्याआधी प्रत्येकानं सुरक्षेचं वर्तुळ आखायचं: मिटलेला चाकू हातात धरून हात लांब करायचा आणि स्वतःभोवती गोल फिरायचं. कोणाला लागला तर जागा बदल. हे तुम्ही स्वतःही प्रत्येक वेळी करा, सगळ्यांना दिसेल असं.

पायी मोहिमेचा वेळ काढायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये सांगितलेला हिशेब अजून चालतो: दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे 10 किलोमीटर वाट आणि 300 मीटर चढ असेल तर अडीच तास. हा धडधाकट मोठ्या माणसाचा वेळ झाला. मुलं असतील तर मी त्यात निम्मी भर घालते, पावणेचार तास. पाणी प्यायला, बुटाची नाडी बांधायला आणि सापडलेल्या प्रत्येक बेडकाभोवती जमायला तेवढा लागतोच.

हात मागे

आता मूळ मुद्दा. मुलं तंबू उभारतायत. दार वाऱ्याच्या तोंडाला आहे. तुम्हाला दिसतंय, त्यांना दिसत नाहीये. काय कराल?

मी पहिल्या शिबिरात जाऊन तंबू फिरवला. स्वतः खुंट्या उपटल्या, स्वतः ठोकल्या. मुलं बाजूला उभी राहून बघत होती आणि त्यांचा संघनायक जरा वेळानं तिथून निघून गेला. संध्याकाळी तो मला म्हणाला, "बाई, उद्याचा तंबू तुम्हीच लावणार ना?" चिडून म्हणाला नाही, खरंच विचारत होता.

आता माझा नियम असा. आग, पातं, पाणी, उंची, वाहनं आणि कोणी कोणाला छळत असेल तर ताबडतोब मध्ये पडायचं, मोठ्यानं, संकोच न करता. बाकी सगळ्यात थांबायचं. वाऱ्याकडे तोंड केलेल्या तंबूत रात्री थंडी वाजते, त्यानं कोणी मरत नाही. सकाळी संघ बसतो तेव्हा एकच प्रश्न विचारायचा, "रात्र कशी गेली?" मग ते आपसांत भांडत-भांडत दाराच्या दिशेपर्यंत येतात. पातेलं करपलं तर करपू दे. तळाचा काळा थर खरवडायला तीन पोरं पाऊण तास बसली होती, त्यांचं त्यानंतरचं एकही पातेलं करपलेलं मी पाहिलेलं नाही.

मुलगा मदत मागायला आला की पहिलं उत्तर, "तुझा संघनायक काय म्हणतो?" दुसरं, "तू आतापर्यंत काय करून पाहिलंस?" तिसऱ्यांदा आला तर शेजारी बसा. हात तरीही मागे. मी अक्षरशः पाठीमागे बोटं गुंफून उभी राहते. काही जणांना ते कडक शिस्तीचं लक्षण वाटतं, वाटू दे.

आईपणाचा सापळा दोन्हीकडून असतो. मुलं बटण तुटलं की तुमच्याकडे येतील, पुरुष लीडर शेजारी सुई-दोरा घेऊन बसलेला असला तरी. तुम्हालाही ते नकळत बरं वाटेल, हेही मान्य करून टाका. बटण लावायला शिकवा, लावून देऊ नका. तुमचा स्वतःचा मुलगा त्याच पथकात असेल तर पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या लीडरशी ठरवून घ्या: त्याच्या परीक्षा, त्याची शिक्षा, त्याचं कौतुक, सगळं त्यांनी बघायचं. पथकात तो तुम्हाला बाकीच्यांसारखीच हाक मारेल. घरी जाताना वाटेत "आज तू असं का केलंस" हा विषय काढायचा नाही. मला हे पाळणं सगळ्यात जड गेलं.

सहकारी आणि मुलांचे बाप

बहुतेक पुरुष सहकारी चांगले असतात. अडचण चांगुलपणाचीच होते. तुम्ही ओंडका उचलायला वाकलात की दोघं धावत येतात. दोरी ताणताय तर कोणीतरी हातातून घेतं. हसून सांगा, "असू द्या, मलाही शिकायचंय." चारचौघांत एकदा नीट सांगितलं की सहसा पुरतं.

पालक मात्र तुम्ही समोर असताना तुमच्या मागच्या पुरुषाला प्रश्न विचारतील. मोहिमेची आखणी तुमची, प्रश्न त्यांना. यावर उत्तर तुम्ही देऊन उपयोग नाही, ते सहकाऱ्यानं द्यायला हवं: "मोहीम बाईंकडे आहे, त्यांना विचारा." हे वाक्य आधीच ठरवून ठेवा. आमच्या स्काऊटमास्तरांनी पहिलं वर्षभर ते न कंटाळता म्हटलं.

पहिलं शिबिर

झोपण्याची जागा आधी विचारा, पोचल्यावर नाही. तुमचा तंबू वेगळा, मुलांच्या तंबूंपासून थोडा दूर, पण रात्री हाक ऐकू येईल एवढा जवळ. पुरुष लीडरबरोबर एकाच तंबूत सोय केलीये असं कळलं तर तिथंच नाही म्हणा. कपडे बदलायच्या आणि अंघोळीच्या जागा व वेळा मोठ्यांच्या वेगळ्या, मुलांच्या वेगळ्या. मुलांच्या तंबूजवळ जाताना दहा पावलं आधी आवाज द्या, बाहेर थांबा आणि कापडाआडूनच बोला.

पाळी आलेली नसली तरी तिचं सामान घेऊनच चला. श्रमानं आणि जागरणानं तारखा हुकतात. झाकणाचा घट्ट डबा आणि आतलं न दिसणाऱ्या पिशव्या बरोबर ठेवा. वापरलेलं जमिनीत पुरू नका, जनावरं उकरतात, परत घेऊन या. मोहिमेवर पुरुषांना झाडाआड मिनिटभर पुरतं, तुम्हाला नाही, म्हणून थांबे आखतानाच तुमच्या सोयीचे दोन ठेवा. कारण सांगायची गरज नाही, "इथं वीस मिनिटं" एवढं पुरे. या एका गोष्टीपायी दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि दुपारी त्यांचं डोकं धरलेलंही पाहिलंय. शौचालय नसेल तिथं खड्डा 15 ते 20 सेंटीमीटर खोल आणि पाण्यापासून किमान 60 मीटर लांब. हे मुलांनाही शिकवायचं, न लाजता.

घरची आठवण रात्री येते, दिवा मालवल्यावर. दिवसा हुंदडणारा मुलगा तंबूबाहेर येऊन "पोट दुखतंय" म्हणतो. पोट खरंच दुखतंय का ते आधी बघा. नसेल तर दुसऱ्या लीडरला उठवा, शेकोटीच्या उजेडात बसा, त्याच्या हाताला काम द्या. उद्याची लाकडं मोजायला सांगा. घरी फोन लावून दिला की बहुतेक वेळा रडणं वाढतं, असं माझं मत आहे, त्यावर वाद घालणारे लीडरही आहेत.

आणि एखाद्याची झोपायची पिशवी ओली होते. हे जितकं वाटतं तितकं क्वचित होत नाही. पालकांकडून आरोग्याच्या अर्जातच विचारून घ्या आणि त्या मुलाबरोबर, पालकांसमोर, एक खूण ठरवून ठेवा. आमच्याकडे तो मुलगा सकाळी टोपी उलटी घालून यायचा. जादा पिशवी कोठीत असते. शिवाय आम्ही रोज सकाळी सगळ्याच पिशव्या दोरीवर उन्हात टाकतो, लीडरच्यासुद्धा. चाळीस पिशव्या लटकत असल्या की त्यातली ओली कोणती ते कोण बघतो?

भाजण्याचे प्रकार चुलीपाशी होतात. थंड वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं, घड्याळ लावून, कारण मुलगा दोन मिनिटांनी "बरं वाटतंय" म्हणतोच. सूज येण्याआधी घड्याळ, कडं काढा. बर्फ, टूथपेस्ट, तेल काहीही लावू नका. फोड मोठा असेल, चेहऱ्यावर किंवा हाताच्या पंजावर असेल तर डॉक्टर. झालेलं सगळं नोंदवहीत, वेळेसकट, आणि पालकांना त्याच दिवशी फोन.

वर्ष संपताना

पथकप्रमुखांकडे स्वतःहून जा आणि दोन गोष्टी मागा. एक, पुढची एक दिवसाची मोहीम पूर्णपणे तुमच्या नावावर: वाट, वेळ, परवानग्या, सगळं. दुसरी, पुढच्या प्रशिक्षणासाठी नाव. 1919 मध्ये लंडनजवळच्या गिलवेल पार्कात सुरू झालेलं वूड बॅज प्रशिक्षण आजही जगभरात लीडर घडवण्याची मुख्य वाट आहे. ते पुरं करणाऱ्याच्या गळ्यात कातडी दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी येतात. त्याला वेळ लागतो, आठवडाअखेरी जातात, म्हणून तारखा घरी आधी बोलून घ्या आणि मगच अर्ज भरा. जागा थोड्या असतात.